कॅमेरा आधी अंगणाकडे वळवावा

बारावीचे किंवा पदवीचे निकाल लागले की घरोघरी एक बैठक बसते. वडील, काका, एखादे मामा, शेजारचे गुरुजी आणि मधोमध तो मुलगा किंवा ती मुलगी. इंजिनिअरिंग, डी.एड., पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा असे पर्याय एकेक करून पुढे येतात. अशा बैठकीत एखादे पोर खाली मान घालून म्हणते, 'मले सिनेमा शिकाचा हाये.' मग क्षणभर कोणीच काही बोलत नाही. 'नट व्हायचे आहे का?' हा पहिला प्रश्न. 'पोटापाण्याचे काय?' हा दुसरा. तिसरा प्रश्न आईच्या मनात असतो आणि ती तो सहसा मोठ्याने विचारत नाही. पुण्या-मुंबईला गेलेले हे लेकरू आपले राहील का?

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर जगणारा हा मुलूख. पुढे 2018 साली केंद्राने देशभरातले विकासात मागे राहिलेले, म्हणून 'आकांक्षित' जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातील चार नावांत वाशिमचे नाव होते. अशा जिल्ह्यातल्या घराने पोराला सिनेमा शिकायला पाठवायचे, तर त्यामागे सोयाबीनच्या एका हंगामाचा हिशेब असतो. म्हणून या प्रश्नांना हसण्यावारी नेता येत नाही. त्यांची नीट उत्तरे द्यायला हवीत.

या बैठकीत अलीकडे एक नवा शब्दही ऐकू येतो, तो म्हणजे पोर्टफोलिओ. चित्रकलेच्या विद्यार्थ्याकडे जशी कामाच्या नमुन्यांची फाईल असते, तशी चित्रपटाच्या विद्यार्थ्याकडे त्याने केलेल्या दोन-चार लघुपटांची, छायाचित्रांची आणि एखाद्या पटकथेची शिदोरी असते. प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना, शिष्यवृत्ती मागताना, पुढे काम मागताना ती दाखवावी लागते. त्यामुळे मुलांना वाटते की, ही शिदोरी जितकी झगमगीत तितकी चांगली. भाड्याचा महागडा कॅमेरा, ड्रोनवरून टिपलेली दृश्ये आणि शहरातल्या गोष्टीची नक्कल असा बेत ठरतो. खर्च होतो, आणि हाती येते ते कोणाचेही असू शकेल असे काम. ज्यांची नावे आज आपण आदराने घेतो त्यांनी सुरुवात कशाने केली हे पाहिले, तर वेगळेच काही दिसते.

कुंडीतला वाटाणा

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी 1912 साली लंडनची वारी केली. तिथे जेमतेम काही दिवस राहून त्यांनी चित्रपट बनवण्याचे तंत्र पाहून घेतले, यंत्रसामग्रीची मागणी नोंदवली आणि ते परत आले. मनात मोठा चित्रपट होता, पण खिशात पैसे नव्हते. पैसे देणाऱ्याला पटवायचे कसे? 'मला येते' असे म्हणून कोणी कर्ज देत नाही. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत महिनाभराहून अधिक काळ ते चिकाटीने बसले. बी फुटते, अंकुर वर येतो, वेल चढू लागतो, हे सारे पडद्यावर अवघ्या मिनिटभरात दिसले. 'अंकुराची वाढ' हे त्या लघुपटाचे नाव. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले, सरस्वतीबाईंनी आपले दागिने तारण ठेवू दिले, आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

आजच्या भाषेत बोलायचे तर 'अंकुराची वाढ' हा फाळक्यांचा पोर्टफोलिओ होता. त्यात नट नाही, कपडेपट नाही, गाणे नाही. घरातली कुंडी आणि मूठभर वाटाणे एवढाच काय तो सरंजाम. पण पाहणाऱ्याला तीन गोष्टी कळल्या. या माणसाला यंत्र कळते, याच्याकडे चिकाटी आहे, आणि रोज डोळ्यांसमोर असूनही कोणाला न दिसणारी गोष्ट हा दाखवू शकतो. शंभराहून अधिक वर्षांनी आजही मुलाखतीला बसलेले परीक्षक याच तीन गोष्टी शोधत असतात. आणि जिथे दर जूनमध्ये सोयाबीन पेरले जाते, त्या मुलखातल्या मुलाला अंकुर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

शाळेत शिकवतात तरी काय?

पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट 1960 साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली. तिथे किंवा अशा कोणत्याही संस्थेत गेलेल्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो असा की, मोठा सिनेमा लगेच कोणी करू देत नाही. लहान लहान सराव करावे लागतात. पहिला सराव अगदी साधा वाटतो. एक माणूस दार उघडून घरात येतो, खुर्चीवर बसतो, पाणी पितो. ही क्रिया पाच-सहा तुकड्यांत चित्रित करायची आणि जोडल्यावर ती सलग वाटली पाहिजे. एका तुकड्यात पेला उजव्या हातात आणि दुसऱ्यात डाव्या हातात असला की फसगत झालीच. मग एकाच जागेत पात्रांच्या आणि कॅमेऱ्याच्या हालचाली बसवायच्या, मग गाण्याचे चित्रण, मग संवाद असलेला लघुपट, आणि शेवटी ज्याच्यावर पदविका मिळते तो लघुपट.

दुसरा धक्का अधिक मोलाचा असतो. सिनेमा एकट्याचा नसतो, हे इथे कळते. दिग्दर्शनाचा, छायालेखनाचा, संकलनाचा आणि ध्वनीचा असे वेगवेगळे विद्यार्थी एकत्र येऊन एक लघुपट करतात. घरी लाडाने वाढलेल्या, 'माझेच खरे' म्हणणाऱ्या मुलाला इथे संकलक सांगतो की, तुझ्या लाडक्या दृश्याची गरज नाही, ते काढू या. ध्वनीचा विद्यार्थी सांगतो, पंख्याचा आवाज येतोय, पुन्हा घ्यावे लागेल. रात्र-रात्र वाद होतात, अबोला धरला जातो आणि सकाळी पुन्हा एकत्र चहा होतो. पालकांना काळजी असते ती पोटापाण्याची. त्यांनी हेही लक्षात घ्यावे की, या शिक्षणातून सगळे दिग्दर्शक होत नाहीत आणि व्हायची गरजही नाही. ध्वनी, संकलन, कॅमेरा, प्रकाशयोजना ही कसब असलेल्या माणसांची कामे आहेत. कसबी माणसाला काम मिळायची शक्यता नुसत्या हौशी माणसापेक्षा केव्हाही अधिक.

तिसरा धक्का वेळेचा. हवे तितके दिवस कधीच मिळत नाहीत. याच संस्थेत दूरचित्रवाणीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करणारे मैसूरचे चिदानंद नाईक यांच्या लघुपटाला 2024 साली कान महोत्सवात, चित्रपटसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत पहिला पुरस्कार मिळाला. नाईक मुळात डॉक्टर. चित्रीकरणाला त्यांना अवघे चार दिवस मिळाले होते. गोष्ट कुठली, तर कन्नड लोककथेतली. एक म्हातारी गावचा कोंबडा चोरते आणि गावात उजाडतच नाही. आपल्याकडे कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही म्हणतात, तिकडच्या कथेत नेमके उलटे घडते! आजीच्या तोंडून ऐकावी अशी ही गोष्ट जगाच्या पडद्यावर गेली. अशा गोष्टी वऱ्हाडातल्या आज्यांकडे थोड्या नाहीत.

जेऊर ते नगर

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण पाहायचे तर नागराज मंजुळे यांचे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले जेऊर हे त्यांचे गाव. मराठीत एम.ए. झाल्यावर ते अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकायला गेले. ना मुंबई, ना परदेश. जिल्ह्याच्या गावातले एक महाविद्यालय. तिथे विद्यार्थी असताना केलेला त्यांचा लघुपट म्हणजे 'पिस्तुल्या'. शाळेत जायची ओढ असलेल्या आणि गरिबीने वाट अडवलेल्या एका पोराची ही गोष्ट. 2010 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा मान या लघुपटाला मिळाला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 'फँड्री' 2014 साली प्रदर्शित झाला, आणि 2016 च्या 'सैराट'ने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सारे उच्चांक मोडले. पण 'पिस्तुल्या'तला सूरज पवार 'फँड्री'त आणि 'सैराट'मध्येही दिसतो, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. विद्यार्थ्याच्या लघुपटात जी माणसे, जी भाषा आणि जो परिसर होता, तोच पुढे मोठ्या पडद्यावर आला. विद्यार्थिदशेतले ते काम प्रवेशापुरते किंवा गुणांपुरते नव्हते. त्यात पुढच्या वाटेची खूण होती.

उमेश कुलकर्णी हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. त्यांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा लघुपट 'गिरणी'. उदरनिर्वाहासाठी आईने घरात आणलेली पिठाची गिरणी आणि तिचा राग येणारा शाळकरी मुलगा, एवढीच गोष्ट. पिठाची गिरणी आपल्यापैकी कोणी पाहिलेली नाही? डोक्यावर डबा घेऊन आपण सारेच तिथे गेलो आहोत. पण तिचा आवाज एखाद्या मुलाच्या मनावर कसा स्वार होत असेल, हे आपल्या ध्यानात आले नव्हते. पुढे 'वळू', 'विहीर', 'देऊळ' करणाऱ्या दिग्दर्शकाची नजर त्या छोट्या लघुपटातच दिसून येते.

या वाटेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'ख्वाडा' करणारे भाऊराव कऱ्हाडे यांनी चित्रपटासाठी आपली शेतजमीन विकली. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून ही कथा आज कौतुकाने सांगितली जाते. पण जमीन विकून केलेले जे चित्रपट कोणीच पाहिले नाहीत, त्यांची कथा कोण सांगणार? शिकणाऱ्या मुलाने जमीन, दागिने, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे यांना हात लावू नये. विद्यार्थ्याचा लघुपट फसण्यासाठीच असतो. चार फसल्यावर पाचवा जमतो. म्हणून तो इतका स्वस्त असावा की, फसला तरी घरात चूल पेटायची थांबू नये.

वाशिमजवळ काय नाही?

आपल्याकडे काय आहे दाखवण्यासारखे, असे वाशिमच्या मुलाला वाटते. त्याने थोडे मागे वळून पाहावे. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावून दिले ते विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथला राजा होता हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले, तसा शिलालेखच तिथे आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या जातककथा म्हणजे प्रसंगामागून प्रसंग लावून चित्रांनी सांगितलेली गोष्ट. ज्या राजवटीने चित्रांतून कथा सांगणाऱ्यांना आश्रय दिला, तिची राजधानी आपले गाव होते, हे लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

आणि इतिहास बाजूला ठेवला तरी आजचे वाशिम काही कमी नाही. कारंजावरून जाणारी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही छोट्या रुळांची 'शकुंतला' आता बंद पडली आहे. पण तिच्याबरोबर ज्यांचा प्रवास, धंदा आणि दिवसाची घडी बांधलेली होती अशी माणसे अजून आहेत. त्यांच्याशी बोलून दहा मिनिटांचा माहितीपट होऊ शकतो. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये आणि संपूर्ण रस्ता जून 2025 मध्ये खुला झाला. या रस्त्याच्या कडेला उभे राहून भरधाव गाड्यांकडे पाहणाऱ्या गुराख्याचा एक दिवस, हीसुद्धा गोष्टच आहे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत एकाच आजीच्या मागे कॅमेरा दिवसभर फिरला, तर तिच्या चालण्यातून, विसाव्यातून, नातवाला मारलेल्या हाकेतून यात्रा दिसेल.

भाषेचेही तसेच. 'मले', 'तुले', 'काऊन', 'कायले' हे शब्द बोलायला मुलाला शहरात संकोच वाटतो. लघुपट लिहायला बसला की तो आपल्या आईच्या तोंडी पुण्याची भाषा घालतो, आणि ती आई लगेच खोटी वाटू लागते. करमाळ्याची बोली साऱ्या महाराष्ट्राने आवडीने ऐकली, मग वऱ्हाडीनेच काय पाप केले आहे? ज्याच्या कानाला आपल्या घरची भाषा नीट ऐकू येते, त्याचे संवाद शिकवण्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.

दुसऱ्याचे दुःख

इथे एक मोह मात्र ओळखला पाहिजे. विदर्भातून आलेला विद्यार्थी म्हटला की त्याच्याकडून शेतकरी आत्महत्येवरचा लघुपट अपेक्षिला जातो. 2006 साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होते. दुःख खरे आहे आणि त्यावर चित्रपट व्हायलाच हवेत. पण महोत्सवात हा विषय 'चालतो' म्हणून कॅमेरा घेऊन एखाद्या विधवेच्या दारात जायचे, तिला रडताना टिपायचे, आणि पुन्हा त्या गावाला पाय लावायचा नाही, हे बरोबर नाही. तिचे अश्रू आपल्या फाईलमधला एक नमुना होतात आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

मग काय करावे? साधे नियम आहेत. कॅमेरा काढण्याआधी दोन-तीनदा नुसते भेटायला जावे. काय करणार, ते कुठे दाखवणार, हे तिच्या भाषेत सांगावे. नाही म्हणायचा तिचा हक्क मान्य करावा आणि हो म्हणाली तरी नंतर मन बदलायची मुभा द्यावी. लहान मुलांना त्यांच्या दुःखाबद्दल प्रश्न विचारू नयेत. आणि लघुपट पूर्ण झाल्यावर तो सर्वांत आधी तिला दाखवावा. ती म्हणाली, 'हे नको ठेवू,' तर ते काढावे, मग ते दृश्य कितीही चांगले उतरलेले असो. ओळखीच्या माणसाच्या बाबतीत हे भान आपोआप राहते, कारण उद्या बाजारात तिची गाठ पडणार असते. गावातल्या गावात चित्रपट करणाऱ्याचा हाच मोठा फायदा आहे. त्याला चुकवून पळता येत नाही.

घरच्यांसाठी थोडा हिशेब

आता व्यवहाराचे. सुरुवातीला कॅमेरा विकत घेऊ नये. घरात जो बरा मोबाईल आहे त्यावर शिकायला पुष्कळ आहे. पैसे खर्च करायचेच तर आधी आवाजावर करावेत. धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो, ऐकू न येणारा संवाद करत नाही. शर्टाला लावायचा एक साधा माईक आणि मोबाईल स्थिर ठेवणारी तिकाटी एवढ्यावर पहिले वर्ष निघते. प्रकाशासाठी सकाळ आणि संध्याकाळ फुकट मिळते. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात तर सूर्यावर विसंबलेलेच बरे. चित्रित केलेले रोज रात्री दोन ठिकाणी उतरवून ठेवावे. एक कार्ड बिघडले की महिन्याची मेहनत जाते.

जवळच शिकायची एक जागा आहे आणि तिला आपण उगाच कमी लेखतो. गावोगावचे फोटो स्टुडिओ आणि लग्नाचे चित्रण करणारी मंडळी. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या आईचा चेहरा टिपायचा, तर ती नेमक्या कोणत्या क्षणी डोळे पुसेल याचा अंदाज हवा, आणि तो क्षण पुन्हा घेता येत नाही. सहा तासांच्या चित्रणातून अर्ध्या तासाची फीत काढणे हा संकलनाचा उत्तम अभ्यास आहे. दोन लग्नसराया कोणाच्या हाताखाली काढल्या तर चार पैसेही सुटतात आणि हातही बसतो.

फाईलमध्ये काय ठेवावे? दहा कच्ची कामे ठेवण्यापेक्षा तीन पक्की ठेवावीत. एक संवाद नसलेला लघुपट, नुसत्या चित्रांनी गोष्ट सांगणारा. एक खऱ्या माणसावरचा छोटा माहितीपट. एक लिहिलेली गोष्ट, दोन पात्रांची, एका घरात घडणारी. सोबत वहीत लिहिलेले टिपण, की हे का केले, काय जमले, काय जमले नाही. 'सगळे जमले' म्हणणाऱ्याला शिकवणारे घाबरतात. प्रवेश पहिल्या खेपेला न मिळाला तर तो घराण्यावरचा डाग समजू नये. पुढच्या वर्षी चौथा लघुपट घेऊन जावे. आणि दरम्यान पदवी पूर्ण करावी, म्हणजे घरी बोलणी बसत नाहीत आणि पुढच्या शिक्षणाची दारेही उघडी राहतात.

राहिला आईचा न विचारलेला प्रश्न. लेकरू आपले राहील का? याचे उत्तर कोणती संस्था देऊ शकत नाही. पण ज्या मुलाने शहरात जाण्याआधी आपल्या आईचे हात भाकरी थापताना नीट न्याहाळले, आजीची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली, शेजाऱ्याच्या परवानगीसाठी तीनदा खेटे घातले, तो गेला तरी गाव त्याच्याबरोबर जाते. घरच्यांनी त्याच्याकडून पैशांचा हिशेब जरूर मागावा, आणि एक वचनही घ्यावे. प्रत्येक लघुपटाचा पहिला खेळ इथेच होईल. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर, ओळखीच्या कोणाचे प्रोजेक्टर, खाली सतरंजी. पोरे आरडाओरडा करतील, 'अरे हा तर आपला गोठा!' म्हणून कोणी हसेल, आणि ज्यांच्यावर तो केला ती माणसे गप्प बसून पाहतील. त्यांचा चेहरा पाहिला की लघुपट जमला की नाही, हे कोणा परीक्षकाला विचारावे लागणार नाही.